शिट्टीवर भाजलेला केक

आई-वडील सोडले तर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी दौंडच्या मामांचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव रेल्वेच्या कागदांवर होतं, पण दौंडात ते कोणी वापरत नसे. इंजिनाचे ड्रायव्हर त्यांना मामा म्हणत, पोस्टमन मामा म्हणे, आणि चिडल्या की त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मामीसुद्धा "अवो मामा" अशीच हाक मारत. म्हणून मीही इथे तेवढंच म्हणतो.

मला ते आठवतात ते नेहमी एकाच पवित्र्यात. एक हात भट्टीच्या झाकणावर, खांद्यावर पांढरा फडका, मान डावीकडे कललेली आणि कान स्टेशनच्या दिशेला. व्हरांड्यातून कोणीतरी विचारतं, "मामा, झाला का केक?" मामा मान न वळवता सांगतात, "घाई न्हाई. गाडी सुटू द्या."

नव्या माणसाला वाटे, मामांना गाडी पकडायची आहे. तसं काही नव्हतं. मामांच्या घरात घड्याळ होतं, पण ते भट्टीसाठी नव्हतं. केक आत जायचा सकाळची पॅसेंजर आली की, आणि बाहेर यायचा बारामतीची गाडी शिट्टी देऊन सुटली की. नानकटाईचं माप वेगळं. मालगाडीचं इंजिन पुढून काढून मागे जोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नानकटाई होते, असं त्यांचं शास्त्र होतं. मी एकदा म्हणालो, "मामा, पण गाड्या उशिरा येतात की!" त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की जणू मी त्यांच्या नात्यातल्या कोणाबद्दल वाईट बोललो. मग म्हणाले, "उशिरा यील. पर किती उशिरा, ते आपल्याला ठाऊक पायजे ना."

आणि त्यांना ते ठाऊक असे. तीस वर्षं ते दौंडच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. रनिंग रूम म्हणजे गाड्यांचे ड्रायव्हर आणि गार्ड जिथे जेवून विश्रांती घेतात ती जागा. तिथल्या एका जुन्या खानसाम्याकडून मामा पाव, बन, बिस्किटं आणि केक शिकले. ड्रायव्हरांच्या दोन पिढ्या त्यांच्या हातचं खाऊन गाडीवर चढल्या. निवृत्त झाल्यावर मामांनी रुळांच्या पलीकडे दोन खोल्या आणि व्हरांडा बांधला. तिथून जाताना ओळखीचे ड्रायव्हर मामांसाठी एक आखूड शिट्टी देत. मामा हातातलं काम न सोडता फडका हलवत. इंजिनावरून तो दिसत असेल की नाही, कोण जाणे.

त्या व्हरांड्यातच त्यांचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणावं तर पाटी नव्हती. रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाची तीन टेबलं होती. ती इतकी जड होती की वाऱ्यावादळात पत्रा उडाला असता पण टेबल हललं नसतं. त्यांवर खळ घातलेले पांढरे टेबलक्लॉथ, आणि प्रत्येक टेबलावर औषधाच्या रिकाम्या बाटलीत एक फूल. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. चहा दोन तऱ्हांचा मिळे. एक "रेल्वेचा", म्हणजे किटलीत मुरवलेला, दूध-साखर वेगळं. दुसरा "घरचा", म्हणजे आलं आणि अंगणातला गवती चहा घालून खळखळून उकळलेला. किटली गार होऊ नये म्हणून मामींनी तिला जुन्या लुगड्याच्या काठाचं टोपडं शिवलं होतं. टोपडं घातलेली ती किटली ट्रेवरून यायची तेव्हा मामा एखादं बाळ बारशाला आणत आहेत असं वाटे.

नव्वद सालानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी शिरूरला बी.ए. झालो आणि दौंडच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमच्या घरात पदवी सोडाच, दहावीही माझ्याआधी कोणी झालं नव्हतं. घोडनदीच्या काठाला आमचं गाव. आजोबांनी आयुष्यभर मेंढरं राखली, वडिलांनी थोडी जमीन कसली आणि थोडी मेंढरं ठेवली. मी रेल्वे लाइनच्या पलीकडे खोली घेतली, ती मामांच्याच गल्लीत. तीन दिवस येता-जाता मी त्यांच्या फाटकाशी थोडा रेंगाळलो. चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "ओ पाव्हणं, रोज निस्ता वास घिऊन जाता. आज चव घ्या."

मी फाटकातून आत गेलो आणि सवयीनं पायरीपाशी चपला काढल्या.

"चपला घाला," मामा म्हणाले. "हे हाटेल हाय."

मी एका पायात चप्पल घातली तोच बागेतून मामींचा आवाज आला, "काढा त्या! हे घर हाय. सकाळीच सारवलंय मी."

मी एक पाय चपलेत आणि एक पाय पायरीवर असा उभा राहिलो. दोघंही मग माझ्याकडे न बघता एकमेकांशीच बोलू लागले. मामा म्हणत होते की गिऱ्हाइकाला अनवाणी बसवणं रेल्वेत कधी चाललं नसतं. मामी म्हणत होत्या की मग जावा रेल्वेत. हा वाद माझ्या ओळखीच्या सगळ्या वर्षांत कधी मिटला नाही. काही माणसं चपला घालून बसत, काही काढून, आणि दोन्हीकडची माणसं ओरडा खात.

मामींची बाग हा त्या घराचा दुसरा विभाग होता आणि तिथे मामांचं काही चालत नसे. कोळशाची इंजिनं होती तेव्हा मामांनी लोको शेडमधून राखेची पोती आणली होती. त्या राखेवर आणि काळ्या मातीवर मामींनी ती बाग उभी केली होती. गुलाब, मोगरा, पुदिना, लिंबू, एक चिकू, तेलाच्या डब्यांत मिरच्या आणि टोमॅटो. किटलीतली चहाची पत्ती गुलाबाला आणि अंड्यांची टरफलं मिरचीला जात. ज्यानं रोप दिलं त्याचं नाव झाडाला. त्यामुळे अंगणात विलक्षण वाक्यं ऐकू येत. "गार्डसाहेबाला कीड लागली." "मास्तरणीला काल पाणी घालायचं ऱ्हायलं." एकदा एक नवं गिऱ्हाईक चहा पीत होतं, आणि मामी आतून म्हणाल्या, "फौजदाराच्या फांद्या छाटाय झाल्यात, कात्री कुठं गेली?" तो बिचारा घोट तोंडात तसाच धरून बसला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना आपण काही शिकवतो आहोत हे माहीतच नसतं. मला त्या वेळी एक मोठी अडचण होती. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो की माझे हात थरथरत. फाइल पुढे करताना कागद वाजत आणि साहेब कागदांकडे न बघता माझ्या हाताकडे बघत. एका संध्याकाळी हे मी मामांना कसंबसं सांगितलं. मामांनी ट्रेमध्ये चार कप काठोकाठ भरले आणि ट्रे माझ्या हातात दिला. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जावा आन् या. कपाकडं बघायचं न्हाई. ज्याला द्यायचाय त्याच्या तोंडाकडं बघायचं."

पहिल्या दिवशी निम्मा चहा बशीत. "गुलाबाला घाला तो, वाया न्हाई गेला," मामी म्हणाल्या. दहा-बारा दिवस हे चाललं. मग एका सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मी फाइल पुढे केली आणि माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्या तोंडाकडे बघतो आहे आणि कागद वाजत नाहीये. त्याच व्हरांड्यातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास केला आणि पासही झालो. निकालाच्या दिवशी मामांनी माझ्यासाठी चिकूचा केक केला. तो त्यांनी आधी कधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. "चिकूचं लई पाणी सुटतं," एवढंच कारण.

आमच्या कचेरीतले एक गृहस्थ मामांकडे चहा घेत, पण केक घेत नसत. "अंड्याचं आम्हाला चालत नाही," म्हणत. स्टेशनबाहेरच्या गाडीवर ऑम्लेट खाताना मी त्यांना पाहिलं होतं. मी रागानं मामांना ते सांगितलं. मामा हसले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी बिनअंड्याची नानकटाई वेगळी ठेवू लागले. गृहस्थ ती तिथे खात नसत, पुडीत बांधून नेत. मी विचारलं, "खात असतील का हो?" मामा म्हणाले, "घरापर्यंत तर ग्येली. पुढचं बघू."

या सगळ्या आनंदावर एकच सावली होती, ती म्हणजे त्यांचा मुलगा.

मुलगा वाईट होता असं समजू नका. तो इंजिनिअरिंगची पदविका घेऊन रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला होता आणि कारेगावात खोली घेऊन राहत होता. महिन्यातून दोनदा यायचा, आईला साडी, बापाला स्वेटर आणायचा. पण व्हरांड्यात बसायचा नाही. तो आल्यावर मामा ट्रे घेऊन निघाले की आत निघून जायचा. एकदा मला म्हणाला, "तीस वर्षं दुसऱ्यांची उष्टी ताटं उचलली त्यांनी. मी शिकलो ते कशासाठी? आता तरी कोणी त्यांना 'ए, दोन चहा' म्हणू नये, एवढंच मला पाहिजे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्याचं लग्न ठरायला आलं. मुलगी शिरूरची, डी.एड. झालेली, वडील प्राथमिक शिक्षक. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, आणि मुलीकडची माणसं एका रविवारी घर बघायला येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी मुलगा येऊन बापाला म्हणाला, "आबा, टेबलं काढा. पाहुण्यांना 'रेल्वेतून रिटायर' एवढंच सांगायचं. आणि एकदा काढली की परत मांडायची नाहीत. सून घरात आल्यावर तिनं गिऱ्हाइकांचे कप विसळायचे का?"

मामी संतापून बागेत गेल्या. मामा टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करू लागले. मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले आहात. तुमचं ऐकतील. समजवा ना."

आणि मी समजावलं. हे लिहायला आजही जड जातं, पण लिहायलाच हवं. संध्याकाळी मामा एकटेच कप पुसत होते. मी म्हणालो, "मामा, त्याचंही बरोबर आहे. तुम्ही खूप कष्ट केले. आता बंद केलं तर काय बिघडलं?"

"तुम्हालाबी तसंच वाटतं?"

"हो."

मामांनी कप उजेडात धरला, परत पुसला. "बरं," म्हणाले. मग कप खाली ठेवत, "तुमचं वडील कवा आलं न्हाईत दौंडला."

"शेती असते," मी म्हणालो.

ते खोटं होतं. वडील दोनदा आले होते. दोन्ही वेळेला मी त्यांना एस.टी. स्टँडवरच गाठलं, भेळ खाऊ घातली आणि पुढच्या गाडीत बसवून परत पाठवलं. धोतर, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. कचेरीतलं कोणी बघेल या भीतीनं मी पूर्ण वेळ रस्त्याकडे पाठ करून उभा होतो. हे मामांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी त्या संध्याकाळी लवकर निघून आलो.

तो रविवार उजाडला. सकाळी मुलानं आणि मी मिळून तिन्ही टेबलं उचलून मागे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नेऊन ठेवली. व्हरांड्यात सतरंजी अंथरली. टेबलं गेल्यावर तो व्हरांडा इतका ओकाबोका दिसू लागला की मामा तिथे थांबेनातच. ते भट्टीपाशी गेले. पाहुण्यांसाठी काहीतरी गोड हवं म्हणून केक करायचा होता. तेवढी परवानगी मुलानं दिली होती, फक्त अट एक, "पुण्याहून आणलाय असं सांगायचं."

पॅसेंजर आली, केक आत गेला. मामा भट्टीवर हात ठेवून उभे राहिले, पण त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. सारखे खुराड्याकडे बघत होते. एक कोंबडी टेबलावर चढून बसली होती.

इतक्यात रुळांवरून लांबलचक शिट्टी झाली. मामांनी झटकन झाकण काढलं, केक बाहेर घेतला, आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. बारामतीची गाडी अजून फलाटालाच उभी होती. शिट्टी दिली होती ती एका सुट्या इंजिनाच्या ड्रायव्हरनं. मामांकडे आज पाहुणे येणार हे त्याला कळलं होतं, म्हणून नेहमीच्या आखूड शिट्टीऐवजी त्यानं मोठी दिली होती. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो दोन्ही हात हलवत होता.

केकच्या मधोमध खड्डा पडला. बशीएवढा. मामांनी तो परत आत ठेवला, खालवर निखारे वाढवले. कच्चेपणा गेला, पण खड्डा भरून येईना. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा केककडे बघत राहिले. मामी आल्या, त्यांनी केक बघितला, कोनाड्यातली बरणी उतरवली आणि आपल्या गुलाबांचा सगळा गुलकंद त्या खड्ड्यात ओतला. वर सायीचा थर दिला. "झाकलं," म्हणाल्या, "चला आता, पाव्हणं आलं."

पाहुणे चौघं होते. मुलीचे वडील सडपातळ, कमी बोलणारे. दोघं काका. आणि मुलीची आत्या. आत्यांनी फाटकातून शिरताच एकेक झाड हात लावून बघितलं, तेव्हाच मला वाटलं की आज काहीतरी होणार.

सगळे सतरंजीवर बसले. मुलगा कडक इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्याबद्दल सांगत होता. मामा चहा घेऊन आले. त्यांनी ठरवून साधं ताट घेतलं होतं, टोपडं घातलेली किटली नव्हती. पण सवय कुठे जाते? ताट डाव्या तळव्यावर, पाठ ताठ, फडका मनगटावर, आणि पहिला कप न विचारता सगळ्यांत वयस्कर माणसापुढे. मुलीचे वडील कप घेताना त्यांच्या हाताकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

मग केक आला. आत्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला विचारलं, "लई ग्वाड हाय ओ. कुठनं आणला?"

"पुण्याहून," मुलगा म्हणाला.

"कुठल्या दुकानातनं?"

"मोठं दुकान आहे. कॅम्पात."

आत्यांनी चमच्यानं गुलकंद बाजूला सारला. "आन् पुण्याचं मोठं दुकान असा खड्डा पडलेला केक इकतं व्हय?"

दोघे काका हसले. मुलगाही कसनुसा हसला आणि म्हणाला, "हो, आजकाल दुकानं अशीच झालीत. बेकार माल देतात."

मामा दारात उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. टेबलं काढली तेव्हा ते गप्प राहिले, रिटायर म्हणायला सांगितलं तेव्हा गप्प राहिले. पण केक बेकार आहे हे त्यांना सोसलं नाही.

"माल बेकार न्हाई," मामा म्हणाले. "दुकानाचा दोष न्हाई. इंजनवाल्यानं शिट्टी दिली."

सगळे वळून बघू लागले. मुलगा म्हणाला, "आबा..." पण मामा आता थांबणार नव्हते. त्यांनी पॅसेंजरपासून सुरुवात केली. बारामतीची गाडी, सुटं इंजिन, ड्रायव्हर, रनिंग रूम, तीस वर्षं, एकही केक बसला नाही, आजच बसला, सगळं एका दमात सांगितलं. "त्या इंजनवाल्या पोराचा दोष न्हाई. मीच मेला ऐकण्यात चुकलो," म्हणाले आणि फडक्यानं तोंड पुसलं.

मुलगा सतरंजीची दशी ओढत बसला होता. मीही मान खाली घातली होती.

आत्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी," त्यांनी हळूच विचारलं, "हे घर हाय का हाटेल?"

उत्तर दिलं ते मामींनी, उंबऱ्यातून. "पुढं हाटेल, मागं घर. आज टेबलं मागं नेऊन लपवल्यात, म्हणून उलटं झालंय. कोंबड्या बसल्यात हाटेलात."

आधी आत्यांना हसू फुटलं. मग काकांना. आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मामांनी सवयीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. मुलीचे वडील तेवढे हसले नाहीत. ते उठले, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश.

"टेबलं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

मामांनी मागचा रस्ता दाखवला. मास्तर खुराड्यापाशी गेले, कोंबडीला हुसकलं, टेबलाच्या लाकडावरून हात फिरवला. आम्ही सगळे त्यांच्यामागे. मुलगा सगळ्यांत शेवटी.

"स्लीपरचं लाकूड," मास्तर म्हणाले. "आमच्या शाळेत असं एखादं असतं तर पोरांनी मोडलं नसतं." मग त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं आणि मुलाकडे बघितलं. "माझे गुडघे धरलेत मघापासून. खाली बसवत नाही मला. धरा तिकडून, जावईबापू."

जावईबापू म्हणाले ते. तो शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकला. मुलानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुसरं टोक धरलं.

टेबलं परत व्हरांड्यात आली. त्यांच्यावरची घाण मामींनी धुतली, टेबलक्लॉथ आले, फुलं आली. टोपडं घातलेली किटली आली तेव्हा आत्यांनी ते टोपडं काढून उलटसुलट करून बघितलं आणि शिवण कशी घातली ते विचारून घेतलं. निघताना त्या मुलाला म्हणाल्या, "आमची पोरगी चहा चांगला करती का न्हाई म्हाईत न्हाई. पर तिला खरं बोललेलं लागतं, येवढं ध्यानात ठेवा." मुलगा बापाजवळ जाऊन उभा राहिला, आणि मामांच्या मनगटावरचा फडका काढून त्यानं आपल्या हातात घेतला. पाहुण्यांचे कप त्या दिवशी त्यानंच विसळले. एक फोडला.

मामांचं ते दुकान त्यानंतर पुष्कळ वर्षं चाललं. सून आली ती शाळेत शिकवायची आणि रविवारी केकचं मिश्रण घोटायला बसायची. घंटी वाजणारा विजेचा ओव्हन तिनंच आणला. मामांचा त्या घंटीवर विश्वास नव्हता. आता मामा नाहीत. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मामी पाठीतून वाकल्या होत्या, तरी बागेत होत्या, आणि कोणत्या तरी झाडाला माझ्या नावानं रागावत होत्या. रोप मी कधी दिलं होतं, ते मलाच आठवेना.

त्या रविवारनंतर वर्षाच्या आत माझी बदली शिरूरला झाली. दौंडला असताना जे तोंडानं बोलायला जमलं नाही, ते मी तिथून पत्रानं लिहिलं. कारकुनाला स्थळप्रत ठेवायची सवय असते, म्हणून या पत्राचीही एक प्रत माझ्याकडे राहिली. ती इथे जशीच्या तशी देतो.

*

तीर्थरूप मामा व मामी यांना सविनय जय भीम.

पत्रास कारण की, तुम्ही मला एकदा विचारलं होतं की माझे वडील दौंडला का येत नाहीत. मी सांगितलं की शेती असते. ते खोटं होतं. ते दोनदा आले होते. दोन्ही वेळा मी त्यांना स्टँडवरून परत पाठवलं, कारण मला त्यांच्या मुंडाशाची आणि घोंगडीची लाज वाटली. तुमच्या घरापासून स्टँड पंधरा मिनिटांवर आहे. मी त्यांना तेवढंही चालू दिलं नाही.

त्याच तोंडानं मी तुम्हाला चहाचं दुकान बंद करा म्हणालो. तुम्ही "बरं" म्हणालात. तुम्ही मला रागावला असता तर बरं झालं असतं. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.

काल गावी गेलो होतो. वडिलांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, टेबलांचंही सांगितलं, आणि स्टँडवर मी त्यांना का थांबवत होतो तेही सांगितलं. ते म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं. पर भेळ चांगली हुती."

येत्या रविवारी मी त्यांना तुमच्याकडे घेऊन येतो आहे. मामींच्या गुलाबांचं ऐकून त्यांनी लेंडीखताचं एक पोतं भरून ठेवलं आहे. एस.टी.त कंडक्टर कटकट करेल, वास येईल, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "कुणाच्या घरी पैल्यांदा जायचं आन् मोकळ्या हातानं?" तेव्हा पोतं येणारच.

वडिलांचा खांदा आता दुखतो. म्हणून स्टँडपासून ते पोतं मी माझ्या खांद्यावर आणीन. रविवारीही माझ्या दौंडच्या जुन्या कचेरीतले दोघे-चौघे स्टँडजवळच्या चौकात बसलेले असतात. आम्ही चौकातूनच येऊ. वडील पुढे असतील.

आपला नम्र,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा